शीलाच्या पाटल्या

आज शेजारच्या वावरात हळद शिजवून राहिलेत. तो वास आला आणि मला शीला आठवली. आम्ही दोघी हळद काढायला सोबत जायचो, बांधावर एका फडक्यात भाकर खायचो.

पुढं ती हिंगोलीतल्या एका ठेव कंपनीची एजंट झाली. दुप्पट मिळतील म्हणून गल्लीतल्या आम्ही सगळ्यांनी मजुरीचे पैसे तिच्याकडं भरले. एक दिवस कंपनीला कुलूप लागलं आणि मालक पळाले. बाया शीलाच्या अंगणात जमल्या.

"आमच्या पैशाचे दागिने केलेस का गं?" एकीनं विचारलं.

शीलानं रिकामे हात पुढं केले. "माह्या पाटल्या बी तिथंच बुडाल्या, बाई." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तू तरी सांग ना यांना."

पाटल्या मोडायला मीच तिच्यासोबत सोनाराकडं गेले होते. पण चारचौघींत माझं तोंड उघडत नाही. मी खाली बघत उभी राहिले. आठवड्यानं ती गाव सोडून गेली.

पैशाचं आता काही वाटत नाही. मागं पोलिसांनी जबाबाला बोलावलं, तेव्हा मी पाटल्यांचं सगळं सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं. ऐकायला शीला नव्हती.