चार तास, एक हात

आमच्या आतोबांना शेजारचा चावीवाला ‘पहिलटकर’ म्हणायचा. बाजारात कुठलीही नवी वस्तू आली की तिचं पहिलं बाळंतपण आतोबांच्या घरी व्हायचं, म्हणून. वस्तू अगदी नवी असते तेव्हा ती महाग असते, अर्धी कच्ची असते आणि ती दुरुस्त करणारा माणूस अजून तयार झालेला नसतो. आतोबा ती नेमकी तेव्हाच घ्यायचे. सहा महिन्यांनी तीच वस्तू निम्म्या किमतीत आणि दुप्पट शहाणी होऊन चावीवाल्याकडे यायची. मग तो पायरीवरून ओरडायचा, "पहिलटकर, कळा तुमच्या, बाळ आमचं!"

आतोबांचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे काउंटर आणि काउंटरवर आत्या. मागे पडद्याआड आतोबा आणि त्यांचं भिंगं घासायचं चाक. भिंग फ्रेममध्ये बसायला त्याची कड ओल्या चाकावर घासावी लागते. त्या वेळी चाकाची घरघर सगळ्या दुकानात भरून राहते. आतोबांचा एक नियम होता. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, चाक पूर्ण थांबल्याशिवाय ते तोंड उघडत नसत. "हात भिंगावर आणि जीभ गप्पांत, मग कड उडणारच," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे दुकानातलं बोलणं सगळं आत्याकडे. कोणाचा नंबर किती, कोणाला नाकावर व्रण पडतात, कोण चष्मा न्यायला चार खेपा घालतो, हे सगळं तिला पाठ. आतोबांनी एकदा हौसेने इलेक्ट्रॉनिक डायरी आणली आणि महिनाभर खपून सगळ्यांचे नंबर तिच्यात भरले. बॅटरी संपली आणि नंबर गेले. आत्याने जुनी जाड वही पुन्हा काउंटरवर ठेवली.

मी त्यांच्याकडे इंजिनिअरिंग शिकायला राहत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून "पोरीला लागेल" असं सांगून आतोबांनी कॉम्प्युटर घेतला. तो पोरीला किती आणि त्यांना स्वतःला किती लागत होता, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना आत्याच्या किडन्यांनी हात टेकले. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी आठ ते बारा डायलिसिस. डाव्या हातात दोन जाड सुया. एकीतून रक्त मशीनकडे जाणार, दुसरीतून धुऊन परत येणार. तो हात चार तास हलवायचा नाही. कोपर वाकलं की नळी दबते आणि मशीन बोंब मारतं. अशक्तपणाने तिचं काउंटरवर बसणं सुटलं आणि दुकान एकट्या आतोबांवर आलं.

"मला मशीनची भीती नाही गं वाटत," आत्या म्हणायची. "समोरच्या घड्याळाची वाटते. बंद पडलंय असं वाटतं, आणि तेवढ्यात काटा हलतो."

एका हाताने पुस्तक धरता येतं, पान उलटता येत नाही. आतोबांनी जुना वॉकमन दिला. पाऊण तासाने कॅसेट उलटायची वेळ आली. एका हाताने ती काढताना खाटेखाली पडली, आत्या वाकली, मशीन किंचाळलं आणि सिस्टर धावत आल्या. "आजी, ते टेप-बिप घरी ठेवा," त्या म्हणाल्या. आत्याला सुयांपेक्षा ‘आजी’ जास्त टोचलं. वॉकमन त्याच दिवशी कपाटात गेला.

पुढच्या आठवड्यात आतोबा एक डबी घेऊन आले. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. आत कॅसेट नाही, तबकडी नाही, फिरणारं काहीच नाही. "एका अंगठ्याने चालतं," त्यांनी सांगितलं. गावात अशा तीनच डब्या आल्यात, असं दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं. उरलेल्या दोन आजही दुकानातच असणार, असा चावीवाल्याचा अंदाज होता.

डबीत गाणी भरायची वायर कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या जागी लागायची. म्हणून दर वेळी मी टेबलाखाली शिरून प्रिंटर काढायचा. सोबत आलेला प्रोग्राम कॉम्प्युटर उघडायचा नाही, आणि उघडला की गाणं नव्याण्णव टक्क्यांवर नेऊन थिजायचा. कंपनीला फोन लावला तर तिकडचा मुलगा म्हणाला, "वायर काढून परत लावा." चार दिवस आम्ही वायर काढून परत लावली. शेवटी गाणी गेली, पण पडद्यावर प्रत्येकाच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. बॅटरीचं झाकण दुसऱ्याच दिवशी तुटलं, तिथे आतोबांनी रबरबँड लावलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट खोक्यावर लिहिलेली नव्हती. जागा फक्त बत्तीस एमबी, म्हणजे आठ गाणी. जेमतेम अर्धा तास.

"चार तासांना आठ गाणी?" मी म्हटलं.

"मग आठच अशी निवडू की परत परत ऐकावीशी वाटतील," आतोबा म्हणाले.

दोन संध्याकाळी बसून त्यांनी ती निवडली. एक लग्न ठरलं तेव्हाचं, एक दुकान उघडलं त्या वर्षी सगळीकडे वाजणारं, एक आत्या कणीक मळताना हमखास म्हणायची ते. यादी करताना ते मधेच थांबायचे आणि चष्मा पुसायचे. इतकं विचार करून त्यांनी फ्रेमही कधी निवडली नसेल.

आत्या पहिल्या दिवशी खूश होऊन आली. दुसऱ्या दिवशीही. डबी मधे थांबवली की थोड्या वेळाने आपणच बंद व्हायची आणि पुन्हा पहिल्या गाण्यापासून सुरू व्हायची. त्यामुळे डॉक्टर आले, सिस्टर आल्या, रक्तदाब बघितला, की पुन्हा ते लग्नाच्या वेळचं गाणं. असे दोन महिने गेले.

मग एका मंगळवारी आतोबा गाडी काढून उभे, आणि आत्या पलंगावर बसून. चपला पायात नाहीत.

"आज नाही," ती म्हणाली.

"आज नाही म्हणजे?"

"म्हणजे आज नाही. आणि ती गाणी काढून टाका त्यातली. परवा रेडिओवर त्यातलं एक लागलं. मी भाजी चिरत होते. माझा डावा हात आपोआप ताठ झाला. सुई टोचायच्या आधी होतो ना, तसा. आता ती आठही गाणी त्या खाटेची झाली."

आतोबांनी गाडी परत जागेवर लावली. त्या दिवशी ती गेली नाही. गुरुवारी पाय सुजले, धाप लागली, तेव्हा गेली. डॉक्टर म्हणाले, "एकदा चुकवलं तर हे असं होतं. लागोपाठ दोनदा चुकवलंत तर..." आणि वाक्य तसंच सोडून फाइल बंद केली. घरी आल्यावर आत्या म्हणाली, "शनिवारचं शनिवारी बघू."

त्या संध्याकाळी आतोबा माझ्या टेबलाशी आले. डबी हातात होती. "मी तिची गाणी खराब केली," ते म्हणाले. पुढे म्हणाले, "तुझ्या इंजिनिअरिंगमध्ये यावर काही नाही का?"

होतं, थोडंसं. आवाज आणखी दाबून भरला तर चार तास बसत होते, पण गाण्याचा चेंदामेंदा व्हायचा, बादलीत तोंड घालून कोणी गातंय असं वाटायचं. माणसाचं बोलणं मात्र तग धरायचं. मोकळं नाही, पण शब्द न् शब्द कळेल इतकं. शिवाय पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे केले तर डबी बंद झाल्यावर सगळं पहिल्यापासून ऐकायला लागणार नव्हतं.

"मग बोलणंच घाला," आत्या आतून म्हणाली. "फक्त ह्यांचं नको. ते तीस वर्षं ऐकलंय."

"तीस वर्षं मी चाकामागे गप्प बसलोय," आतोबा म्हणाले.

शुक्रवारी त्यांनी दुकानात टेपरेकॉर्डर लावला आणि चाकाशेजारी बसून वर्तमानपत्र वाचायला घेतलं. अग्रलेखापासून हवामानापर्यंत, तीन कॅसेटी. दर पाच मिनिटांनी कोणीतरी यायचं. आतोबा वाचन थांबवून त्याच्याशी बोलायचे, मग "हां, तर" म्हणून पुढची ओळ. संध्याकाळी कॅसेटी माझ्या हातात देताना ते म्हणाले, "गिऱ्हाइकं तेवढी काप." ते कापायला रात्र गेली असती आणि शनिवारी माझी तोंडी परीक्षा होती. मी कात्री न लावता सगळं तसंच भरलं.

शनिवारी आत्या कुरकुरत गेली. बारानंतर घरी आली की ती सरळ आडवी व्हायची. त्या दिवशी पिशवी खुर्चीवर टाकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"त्या शाळेतल्या बाईंना तुम्ही गुरुवार का दिलात?"

आतोबा गडबडले. "कुठल्या बाई?"

"सोनेरी फ्रेमवाल्या. गुरुवारी सकाळी घेऊन जा म्हणालात. गुरुवारी सकाळी तुम्ही मला सोडायला येता, दुकानाला कुलूप असतं. आणि ते पेन्शनवाले काका वाचायला त्रास होतो म्हणत होते, त्यांना तुम्ही नवा नंबर काढायला पाठवलंत. अहो, ते चष्मा नाकाच्या शेंड्यावर घालतात! नाकाच्या पट्ट्या आवळून द्या, नंबर तोच आहे."

"बातम्या कशा वाटल्या?" आतोबांनी विचारलं.

"बातम्या होत्या होय?"

मंगळवारी काका आले. पट्ट्या आवळल्या. त्यांना वाचता आलं.

तेव्हापासून आतोबांनी वर्तमानपत्र सोडून दिलं आणि नुसता टेप चालू ठेवला. आदल्या दिवशीचं दुकान दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या कानात. संध्याकाळी कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायला जितकं बोलणं तितकाच वेळ जायचा. मी पुस्तक उघडून त्या आवाजातच अभ्यास करायची. घरी आली की आत्या जेवताना हुकूम सोडायची, याला फोन करा, त्याची कड पुन्हा घासा. एकदा म्हणाली, "चाकाचा पट्टा सैल झालाय, ऐकू येत नाही का तुम्हाला?" झाला होता. ‘शनिवारचं शनिवारी बघू’ हे तिने पुन्हा म्हटल्याचं मला आठवत नाही, पण ते कधी थांबलं ते तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

चावीवाल्याला टेपचा पत्ता लागला, तेव्हा तो दुकानात येऊन यंत्राला तोंड लावून म्हणाला, "वहिनी, चावीवाला बोलतोय. पहिलटकर नीट काम करत नाहीत. आज दुपारी डुलकी काढली. मी साक्षीदार." आत्या खाटेवर इतकी हसली की कोपर वाकलं आणि मशीन बोंबललं. सिस्टर धावत आल्या, आणि मग त्यांनाही तो तुकडा ऐकायचा होता.

सहा-सात महिन्यांनी एका बुधवारची गोष्ट. संध्याकाळी मी कॅसेट उतरवत होते. चाक चालू होतं, गिऱ्हाईक कोणी नव्हतं, आणि चाकाच्या घरघरीखाली आतोबा गुणगुणत होते. बोलायचं नाही हा नियम होता, गुणगुणायचं नाही असं त्यांना कधी सुचलं नसावं. आपण गातोय हेही त्यांना कळत नसणार. त्या आठांतलंच गाणं होतं, लग्न ठरलं तेव्हाचं.

मला आत्याचा ताठ झालेला हात आठवला. तेवढी तीन मिनिटं मी कापली आणि पुढचं मागच्याला जोडून टाकलं. जोड स्वच्छ झाला होता. मला स्वतःला तो ऐकू येत नव्हता.

गुरुवारी आत्या आली ती थेट माझ्या खोलीत.

"काय कापलंस?"

"कुठे काय?"

"नवव्या तुकड्यात चाक फिरतंय आणि फिरतं असतानाच हे कोणाला तरी ‘बसा’ म्हणतात. तीस वर्षांत चाक थांबल्याशिवाय ते बोललेले नाहीत. मधे काहीतरी होतं."

मी सांगितलं. ती माझ्या टेबलाच्या कडेवर बसली. डावा हात मांडीवर, त्यावर पट्टी. बराच वेळ ती त्या पट्टीची कड नखाने सारखी करत राहिली.

"परत घाल," ती म्हणाली.

"आत्या, पण तुझा हात..."

"घाल तर खरं. शनिवारी बघते मी. आणि त्यांना सांगू नकोस. सांगितलं तर मुद्दाम म्हणतील, आणि मुद्दाम त्यांना जमत नाही."

आतोबा बाहेरच्या खोलीत डबीला नवं रबरबँड शोधत होते. जुनं ढिलं झालं होतं. शुक्रवारच्या तुकड्यांच्या आधी मी ती तीन मिनिटं, चाकासकट, जशीच्या तशी घातली.

शनिवारी पावणेआठला गाडीचा हॉर्न वाजला. आतोबा अजून शर्टाची बटणं लावत होते. खिडकीतून पाहिलं तर आत्या गाडीत बसलेली, पिशवी मांडीवर, उजव्या हाताने हॉर्न दाबत होती.

"अहो, चला की! ते काय माझ्यासाठी थांबणार आहेत?"

दुपारी ती परत आली तेव्हा मी दारातच होते. आतोबा गाडी लावत होते.

"हात?" मी हळूच विचारलं.

"होता जागेवर," आत्या म्हणाली आणि चपला काढायला भिंतीला टेकली. "दुसरं कडवं मात्र अजूनही चुकतात."