फिल्मला ऊन दाखवलं

मंडळी, आज दुपारी शेजारच्या रहीमचाचांचा जोरदार ओरडा खाल्ला.

चाचांचा इथं सिरसाळ्यात फोटो स्टुडिओ होता. चाळीस वर्षं त्यांनी अंधाऱ्या खोलीत लोकांचे रोल धुतले. त्यांच्या कपाटात उरलेल्या शेवटच्या ब्लॅक अँड व्हाइट रोलवर परवा मी त्यांचेच फोटो काढले. आज तो घरीच धुवून निगेटिव्हऐवजी थेट स्लाइड करायची होती. चुकलं असतं तर दुसरा रोल नव्हता.

पहिलं डेव्हलपर झालं. मग विहिरीत टाकतात त्या लाल औषधाचं पाणी फिरवलं, फिल्म स्वच्छ केली आणि फिल्म धुवायच्या डब्याचं झाकण काढून ती घेऊन सरळ उन्हात, अंगणात आले.

"अगं ए पोरी, झाकण लाव! जळंल ना फिलीम!"

"चाचा, स्लाइड करताना तिला मधेच उजेड द्यावाच लागतो."

चाची गहू वाळवत होत्या. त्या म्हणाल्या, "कावून ओरडायलात? गव्हाला दाखवतो तसं तिलाबी ऊन दाखवायली."

मग फिल्म परत डब्यात घालून दुसरं डेव्हलपर दिलं, धुतली आणि दोरीवर टांगली.

फिल्म वाळल्यावर त्यांनी सवयीनं ती आभाळाकडं धरली.

"दाढी पांढरीच हाय की गं!"

निगेटिव्हमध्ये पांढरी दाढी काळी दिसते. चाळीस वर्षं त्यांनी उजेडाला धरलेला प्रत्येक माणूस उलटाच दिसला होता. आज पहिल्यांदा सुलटा दिसला, आणि तो म्हणजे ते स्वतःच.

तुमच्यापैकी कुणाच्या कपाटात तसला कोरा रोल पडलाय का? चाचा डबा धुवून तयार बसलेत. म्हणतात, "या खेपंला झाकण मी काढणार."