आई फोनवर पासवर्ड सांगत नाही

मी तलासरी तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत शिक्षिका आहे. मुख्याध्यापकाचा प्रभारही माझ्याकडेच आहे. राहते डहाणूला, आईबरोबर. आई बाजारात मासळी विकते आणि उरलेल्या वेळात अंगणात सुकट, बोंबील वाळवते. शाळेत आम्ही दोघंच, मी आणि माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले एक सर. सर रानशेतजवळच्या पाड्यावरचे. सकाळच्या एसटीत आशागड मागे पडलं की थोड्या वेळाने ते चढतात, आणि मी धरून ठेवलेल्या जागेवर बसतात.

प्रभार घेतला तेव्हा मला वाटलं होतं, आता हजेरी, पोषण आहार आणि पालकसभा एवढं बघायचं. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला आली पोर्टलं. मुलांच्या माहितीचं एक, आहाराचं एक, शिष्यवृत्तीचं एक, प्रशिक्षणाचं आणखी एक. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा आणि प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. एकाला मोठं अक्षर लागतं, दुसऱ्याला चिन्ह लागतं, तिसरं दर तीन महिन्यांनी म्हणतं की जुना चालणार नाही, नवा द्या. मी एक वही केली. त्या वहीत खोडून लिहिलेलं, पुन्हा खोडलेलं, बाणाने पुढच्या पानावर नेलेलं असं इतकं झालं होतं की माझी मलाच ती वाचता येईना.

एकदा एसटीतच फोनवर एका पोर्टलाने नवा पासवर्ड मागितला. मी बसल्या बसल्या दिला आणि खूश होऊन वहीत लिहूनही ठेवला. शाळेत येऊन संगणकावर टाकला, तर चुकीचा. पुन्हा टाकला, चुकीचा. तिसऱ्यांदा खातंच बंद झालं. अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की फोनचा कीबोर्ड मराठीवर होता, त्यामुळे आकडे मराठीत पडले होते. शाळेच्या संगणकावर मराठी आकडे येतच नाहीत. फोनवर दिलेला पासवर्ड संगणकावर उमटणंच शक्य नव्हतं. खातं उघडून घ्यायला मी तालुक्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाई फाइलमधून मान वर न करता म्हणाल्या, "बसा मॅडम. गेल्या महिन्यात पण तुम्हीच होतात ना?"

दुसऱ्या दिवशी एसटीत सरांना हे सांगितलं. सरांनी वही मागितली. दोन पानं नीट पाहिली.

"यातला चालू कुठला?"

"हा, खालून तिसरा. पण शेवटचे दोन आकडे उलटे वाचायचे."

सरांनी खिशातून आपला फोन काढला, अंगठा टेकवला आणि माझ्यापुढे धरला. आत एका ॲपमध्ये एक यादी होती. प्रत्येक पोर्टलाचं नाव आणि त्यापुढे काळे ठिपके.

"सगळे पासवर्ड यात आहेत," सर म्हणाले. "आपण एकच लक्षात ठेवायचा, याचा. बाकीचे हे ॲपच बनवतं, हेच भरतं. फोनवर बदलला की संगणकावर आपोआप बदलतो."

मला खरं तर ओशाळल्यासारखं झालं. वयाने मी लहान, संगणकाचं प्रशिक्षण माझं झालेलं, आणि मी मनाशी धरून चालले होते की असल्या गोष्टी सरांना मीच समजावून द्यायच्या. मी विचारलं, "तुम्ही हे कधी शिकलात?"

"निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, बाई. पेन्शनचं सगळं ऑनलाइन झालंय. आता माझा पासवर्ड मी विसरलो तर घरात विचारायचं कुणाला? म्हणून सुट्टीत बसलो आणि शिकलो. चार दिवस लागले."

"पण सगळं एकाच ठिकाणी ठेवायचं म्हणजे भीती नाही का वाटत? कुणाला सापडलं तर?"

"तुमची वही एसटीत राहिली तर ज्याला सापडेल त्याला वाचता येईल," सर म्हणाले. मग वहीकडे पुन्हा एकदा बघून म्हणाले, "म्हणजे, निदान प्रयत्न तरी करता येईल. हे सापडलं तरी उघडणार नाही."

रविवारी मी ओट्यावर बसून ते ॲप फोनवर घेतलं. मुख्य पासवर्ड लांब हवा, पण लक्षात राहील असा हवा, हे सरांनी बजावलं होतं. पाच शब्द घ्यायचे, एकमेकांशी काही संबंध नसलेले, आणि इंग्रजी अक्षरांत लिहायचे, म्हणजे कुठल्याही कीबोर्डवर जमतात. मला काही सुचेना. मी विचार करायला बसले की सगळे शब्द एकाच जातीचे येत होते, खडू, फळा, डस्टर. आई शेजारी सूप घेऊन सुका जवळा निवडत होती. तिने विचारलं, काय करतेस? मी सांगितलं.

"पाचच शब्द ना? लिही," असं म्हणून आईने निवडता निवडताच पाच शब्द सांगितले. आता ते बदललेले आहेत म्हणून एवढं सांगायला हरकत नाही: त्यात एक होडीचा भाग होता, आणि एक शब्द आमच्या एका शेजारणीला आई मनातल्या मनात म्हणते तो होता. मला हसू आवरेना. आई म्हणाली, "हसतेस काय? कुणाच्या डोक्यात येणार नाही असाच पाहिजे ना?"

मी त्याच वेळी तिला सांगून ठेवलं की हे शब्द कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचे नाहीत. फोन आला, कुणी गोड बोलून विचारलं, तरी नाही. आमच्या आळीतल्या एका बाईंना तसा फोन येऊन गेला होता, त्यामुळे मी जरा जास्तच बजावलं. आईने मान हलवली आणि जवळा निवडत राहिली.

सोमवारी सरांनी शाळेच्या संगणकावरही ते बसवून दिलं. पोर्टल उघडलं, नावाच्या चौकटीवर टिचकी मारली, आणि नाव-पासवर्ड दोन्ही भरले गेले. मी तीनदा बाहेर पडून तीनदा आत गेले, नुसतं बघायला. शाळेचा संगणक दोघांत एक, म्हणून सरांनी काम संपलं की ॲपला कुलूप लावायची सवय लावली. पुढच्या आठवड्यात एसटीत पुन्हा एका पोर्टलाने पासवर्ड बदलायला लावला. मी फोनवर बदलला. शाळेत पोचले तेव्हा संगणकाला तो आधीच माहीत होता. त्या दिवसापासून मी वही काढली नाही.

यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. फोन अंगठ्याने उघडायचा. संगणकावर पाच शब्द टाकावे लागायचे, पण हळूहळू संगणकावर सरच बसायला लागले, त्यांच्या खात्यातून, आणि मी माझं बरंचसं काम फोनवरच उरकायला लागले. पाच शब्द टाकायची वेळच येईना.

त्यानंतर एका सकाळी माझा फोन मिठाच्या पाण्यात पडला. आई टबात बोंबील धूत होती. मी वाकून तिला डबा देत होते आणि फोन ब्लाऊजमधून निसटला... नाही, खरं सांगायचं तर मी त्याच वेळी फोनवर एक व्हिडिओ बघत होते. आईने क्षणात हात घालून फोन बाहेर काढला, पदराला पुसला आणि दोन्ही बाजूंनी पाहिला. "उन्हात ठेवते," म्हणाली, आणि सुकटीच्या चटईवर एका कोपऱ्यात त्याला ठेवून दिलं. एसटीची वेळ झाली होती. मी तशीच निघाले.

तो शिष्यवृत्तीच्या अर्जांचा शेवटचा दिवस होता. एकोणीस मुलांचे अर्ज भरलेले होते, फक्त माझ्या खात्यातून मंजूर करायचे राहिले होते. तेही मी मुद्दाम ठेवले होते, कारण दोन मुलांच्या दाखल्यांवर नावाचं स्पेलिंग चुकलं होतं आणि ते आदल्या दिवशी दुरुस्त होऊन आले होते. मला काही काळजी नव्हती. संगणक आहे, त्यावर सगळे पासवर्ड आहेत.

संगणकाने मुख्य पासवर्ड विचारला. मी तीन शब्द टाकले आणि थांबले. पुढचे दोन आठवेनात.

होडीचा भाग आठवत होता. शेजारीणही आठवत होती. पुढे सगळी गडबड. उरलेल्या दोन जागी सुचेल ते टाकून पाहिलं, नाही उघडलं. पोर्टलावर "पासवर्ड विसरलात का" दाबावं, तर त्याचा मेसेज माझ्या फोनवर येणार, आणि फोन डहाणूत सुकटीशेजारी ऊन खात होता. सगळे शब्द मी एका कागदावर लिहून आईच्या पेटीत ठेवले होते. पेटीही डहाणूतच.

सरांनी आपला फोन माझ्यासमोर ठेवला. "आईंना विचारा."

मी आईला फोन लावला. ती बाजारात बसली होती. मागून बर्फ फोडल्याचा आवाज येत होता.

"आई, मी बोलतेय. ते पाच शब्द सांग ना. मला दोन आठवत नाहीत."

आई म्हणाली, "कोण बोलतंय?"

"अगं मी. सरांच्या फोनवरून बोलतेय."

"हा नंबर माझ्याकडे नाही."

"आई, माझा फोन तूच उन्हात ठेवलास ना?"

"ते कुणीही बघितलं असेल. अंगणातच आहे."

"माझा आवाज ओळखत नाहीस?"

"आवाज हल्ली कुणाचाही काढतात. बँकेतले साहेब सुरमई घ्यायला येतात, त्यांनीच सांगितलं." आईचा आवाज शांत होता. गिऱ्हाइकाला भाव कमी होणार नाही हे ती सांगते तसाच. "माझ्या मुलीनेच मला सांगितलंय, कुणी कितीही गोड बोललं तरी सांगायचं नाही."

मी कपाळाला हात लावला. पाठीमागे सर खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मला राग यायला हवा होता, पण मनात कुठेतरी अभिमानही वाटला. मी शाळेत शंभरदा सांगितलेली गोष्ट इतकी चोख कुणीही पाळली नव्हती.

"बरं, मग तू मला काहीतरी विचार," मी म्हणाले. "जे फक्त मलाच माहीत असेल."

आईने थोडा विचार केला. "चौथीत असताना तुझ्या दप्तरात काय निघालं होतं?"

मी सरांकडे पाहिलं. इलाज नव्हता. "चिंबोरी," मी म्हणाले. "जिवंत, नांग्यांसकट. मैत्रिणींना दाखवायला नेली होती."

"आणि?"

"आणि ती गुरुजींच्या धोतराला लटकली."

"हां," आई म्हणाली. "बोल बाय, काय झालं?" एका क्षणात तिचा सूर बदलला. मग पुन्हा म्हणाली, "थांब. ते सर तिथंच आहेत ना? त्यांना बाहेर जायला सांग."

मी सांगायच्या आधीच सर वर्गाबाहेर निघाले होते. फोन त्यांचा, संगणक त्यांनी लावून दिलेला, आणि ते व्हरांड्यात जाऊन मुलांना पाढे म्हणायला लावू लागले. आईने मासळीचा पाट शेजारी बसलेल्या बाईकडे सोपवला आणि ती बर्फाच्या पेट्यांमागे गेली असावी, कारण बाजाराचा आवाज कमी झाला. तिने एकेक शब्द हळू आवाजात सांगितला. मी एकेक टाकला. कुलूप उघडलं. तासाभरात एकोणीसच्या एकोणीस अर्ज पुढे गेले. ज्या दोघांचं स्पेलिंग दुरुस्त झालं होतं, त्यांचे मी सगळ्यात आधी केले.

संध्याकाळी घरी पोचले तर आईने चहाच्या आधी विचारलं, "बदललास का?"

"काय?"

"शब्द. मी फोनवर बोलले ना. बाजारात कुणी ऐकलं असेल. त्या सरांचा फोन कसा आहे काय माहीत."

आम्ही नवे पाच शब्द ठरवले. या वेळी दोन माझे, तीन आईचे. आणि दर सोमवारी सकाळी संगणकावर ते हाताने टाकायचे, फोनच्या अंगठ्यावर विसंबायचं नाही, हा नियम मी स्वतःला घातला. सरांनाही तो पटला. तेही आता तसंच करतात.

फोन काही वाचला नाही. नवा घ्यावा लागला. आधी फोन बदलला की मला आठवडाभर सगळ्या पोर्टलांच्या मागे धावावं लागे. यावेळी दुकानाबाहेरच्या बाकावर बसून मी ॲप घेतलं, पाच शब्द टाकले, आणि माझी सगळी यादी जशीच्या तशी समोर आली. लायब्ररीचं, गॅसचं, एका बंद पडलेल्या परीक्षेचंसुद्धा. मी दुकानदाराला दाखवलं. तो गुजरातीत म्हणाला, त्यालाही हे पाहिजे. मी त्याला बाकावर बसवून शिकवलं, गुजराती आणि मराठी मिसळून, आणि बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबली.

हे ऐकून आईने स्वतःचा फोन पुढे केला. तिलाही पाहिजे होतं. तिचे पासवर्ड तीनच होते, पण तीनही मलाच माहीत होते आणि हे तिला आवडेनासं झालं होतं. सगळं बसवलं, पण अंगठा घेईना. चाळीस वर्षं कोयता, मीठ आणि बर्फ यांनी तिच्या बोटांवरच्या रेघा पुसत आणल्या होत्या. उजवा अंगठा नाही, तर्जनी नाही, मधलं नाही. डावा हात आणला. एकेक करत शेवटच्या करंगळीपर्यंत आलो, आणि करंगळी फोनने पहिल्या फटक्यात घेतली. कापताना हीच एक वर उचललेली राहते, म्हणाली आई.

आता बाजारात उजव्या हातात पापलेट धरून ती डाव्या करंगळीने फोन उघडते. नवं गिऱ्हाईक असेल तर जरा बघत राहतं.