निजली की जाणारी गाठ

पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, तिला आमच्याकडे अवधान म्हणतात. हे मला मेडिकल कॉलेजने शिकवलं नाही. लहानपणी अनवाणी हुंदडताना मलाही ते दोनदा आलं होतं. नेवाशात सर्जन म्हणून दवाखाना थाटल्यावर या गावठी ज्ञानाची मला भलतीच घमेंड होती. पेशंट ‘गाठ’ म्हणायच्या आत मी त्याचा तळपाय बघायचो.

ऊसतोडीला आलेली पाथर्डीकडची एक बाई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. तोडलेल्या उसाच्या बुडख्यावर पाय पडून पोरीचा तळवा फाटला होता आणि उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ होती. मी तळवा पाहिला, झालं माझं निदान.

“अवधान आहे, बाई. शेकत जा. गोळ्या देतो.”

“पन सायेब, निजली की गाठ जाती. खेळाया लागली की पुन्यांदा येती.”

“होतं कमीजास्त,” म्हणत मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

अवधान झोपल्यावर जात नाही. जातो तो हर्निया. तो जांघेच्या घडीखाली असेल तर फिमोरल हर्निया. आतडं अरुंद फटीतून मांडीत उतरतं आणि एखाद्या दिवशी तिथेच अडकतं. मुलांत तो इतका क्वचित आढळतो की भले भले चुकतात. पण ही पळवाट मला नाही. मला पोरीच्या आईनेच निदान सांगितलं होतं. पोरीला आडवी करून गाठीवर बोट ठेवायला मला एक मिनिट लागलं असतं.

पाचव्या दिवशी दुपारी ती परत आली. पोरीला हिरव्या उलट्या होत होत्या, पोट टम्म फुगलेलं, गाठ कडक आणि लाल. नगरला पाठवण्याइतका वेळ नव्हता, म्हणून मीच ऑपरेशन केलं. आतडं काळं पडून फुटलं होतं. तेवढा तुकडा काढून मी ते जोडलं. दुसऱ्या दिवशी पोरगी गेली.

“आणायला उशीर झाला,” मी आईला म्हणालो. आम्हा डॉक्टरांचं हे नेहमीचं वाक्य, सवयीने तोंडातून निघालं.

तिने हात जोडले. “व्हय सायेब, माजंच चुकलं. लई दुखतंय म्हनत हुती, तरी मी आपली शेकीतच बसले.”

आता मी प्रत्येक पोराला आडवं करून तपासतो. पण त्या दिवशी ‘चूक माझी होती’ एवढं मला म्हणवलं नाही. मी होकारार्थी मान हलवली, आणि ती बाई माझी चूक आपली समजून पोरीला घेऊन गेली.