वारा चुकला तर

धारूरच्या घाटाखाली आमची वाडी आहे. इथल्या कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. मी शाळेत शिकवायचो, पण मीही नकाशावरची निळी शाई तेवढीच पाहिली होती. आमच्यातला एकटा म्हाळू समुद्रावर गेला आणि जिवंत परत आला. परत आल्यावर त्याचं जे झालं त्यात माझा हात आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. लिहायची सवय नाही, त्यामुळे नीट उतरेल की नाही ठाऊक नाही.

म्हाळू धनगराच्या घरचा, मुंजाजीचा थोरला मुलगा. धाकटा नाथा. बहात्तर सालात त्यांची मेंढरं चाऱ्यावाचून गेली, तेव्हा म्हाळूचं रतनबाईशी लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तो मुंबईला जाऊन बंदरावर हमाली करू लागला. तेव्हा काही गलबतं अजून नुसत्या शिडावर आफ्रिकेपर्यंत जात. दूध-मटणाला बकऱ्या सोबत घेत. एका कच्छी गलबतावर माल चढवताना एक बकरी पोट फुगून आडवी झाली. म्हाळूनं तिच्या तोंडात आडवी काडी बांधली, पोट चोळलं आणि तिला उभी केली. गलबताचा मुख्य, नाखवा, हे बघत होता. त्यानं तिथल्या तिथं म्हाळूला खलाशी करून घेतलं.

निघण्याआधी म्हाळूनं पत्र धाडलं. त्याला लिहिता येत नव्हतं, पोस्टाबाहेरच्या एका मुनशीकडून त्यानं ते लिहवून घेतलं होतं. चौऱ्याहत्तरचा पौष महिना होता. मुंजाजीनं मला अंगणात बोलावलं. रतनबाई दाराच्या चौकटीआड उभी होती, एकोणीस-वीस वर्षांची असेल. मी मोठ्यानं वाचू लागलो. गलबतावर कौलं भरली आहेत, शिडाची काठी दोन पिंपळांएवढी उंच आहे, परवा वर चढताना एक खलाशी घसरला तो पाण्यात पुन्हा दिसलाच नाही. एवढं ऐकून रतनबाईनं जो हंबरडा फोडला, तो मला सहन होईना. बाईमाणूस रडू लागलं की कुठं बघावं हेच मला कळत नसे.

कागदाच्या पाठीमागं आणखी मजकूर होता. तो मी मनात वाचला. दिवाळीनंतरचा वारा गलबत तिकडं नेतो, वैशाखातला वारा परत आणतो, पाऊस लागला की समुद्र बंद. वारा चुकला तर पुढच्या वैशाखापर्यंत तिकडंच बसावं लागतं. म्हणून वर्षभर खबर आली नाही तर मेलो असं समजू नका. रतनला म्हणावं, वाट बघ.

ती आधीच एवढी रडत होती. त्यात ‘वर्षभर’ आणि ‘मेलो’ हे शब्द कसे उच्चारायचे? दोन दिवसांनी शांतपणे सांगू असं म्हणून मी कागदाची घडी केली. म्हणालो, "बाकी सगळं खुशाल हाय." मुंजाजी म्हणाला, कागद तुमच्याकडंच ठेवा, आमच्या घरात उंदीर खातेत. दोन दिवस गेले, मग आठवडा गेला. आता सांगावं तर त्या दिवशी का वाचलं नाही, असं विचारतील. मी सांगितलं नाही.

वैशाख गेला, दिवाळी गेली. मुंबई बंदरावर हमाली करणारा शेजारच्या गावचा हनुमान आला. म्हाळूचं गलबत वादळात सापडून बुडालं, त्याचं फळकूटसुद्धा हाती लागलं नाही, असं बंदरावर सगळे बोलतात, असं तो सांगत होता. हरवलेल्या माणसाची आमच्याकडं बारा वर्षं वाट बघतात, मग कणकेचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. पण बुडाल्याची खबर आल्यावर कशाला थांबायचं, असं जाणती माणसं मारुतीच्या पारावर म्हणू लागली. पोर तरणी आहे, माहेरचे घेऊन जातील, नाथाशी पाट लावून टाकावा, असंही बोलणं झालं.

मुंजाजीला ते पटत नसावं. तो एकदम माझ्याकडं वळला.

"मास्तर, तुमी शिकलेले. तुमाला काय वाटतंय? थांबावं का?"

पत्र माझ्या ट्रंकेत होतं. उठून आणायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. पारावरची वीस-पंचवीस माणसं माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "तुमी जाणती माणसं. तुमी ठरवाल ते बराबर."

माघात ओढ्याच्या काठी पुतळा जाळला. रतनबाईच्या बांगड्या फुटल्या तो आवाज मला शाळेपर्यंत ऐकू आला, किंवा ऐकू आला असं मला वाटतं. फाल्गुनात नाथाशी तिचा पाट लागला.

ज्येष्ठात म्हाळू आला. मांजरसुंब्याला एसटीतून उतरून, पुढं ट्रकमधून आणि मग पायी. गावात शिरताना शाळा आधी लागते. मी फळ्यावर गणित लिहीत होतो. दारात काळाठिक्कर, हाडं वर आलेला माणूस उभा राहिला. मी त्याला ओळखलं आणि खडू फळ्याखाली ठेवला. मुलांना घरी पाठवून मी त्याला सगळं सांगितलं. पुतळ्याचं सांगितलं, पाटाचं सांगितलं. रतनबाईला दिवस गेले होते, तेही सांगितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. मग म्हणाला, "पत्रात वाऱ्याचं लिवलं नव्हतं का, मास्तर?"

मी म्हणालो, "न्हाई."

हा एक शब्द मी बोललो.

म्हाळूनं तंटा केला नाही. अग्नी दिलेला माणूस तसाच घरात घेता येत नाही, म्हणून जाणत्यांनी त्याचं पुन्हा बारसं केलं. तिशीला आलेल्या बाप्याच्या कानात नाव सांगितलं, जिभेवर गूळ ठेवला. आता तो नव्यानं जन्मला, म्हणजे मागचं लग्न उरलं नाही. गावातले टवाळ म्हणत, वाडीत सगळ्यात लहान म्हाळूच, त्याला आधी चड्डी शिवा रं. तोही हसायचा. त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. माळावर खोपट घातलं आणि नाथाचीच मेंढरं वळली. रतनबाई आता धाकट्या भावाची बायको झाली होती. आमच्याकडं बाई थोरल्या दिराशी बोलत नाही, त्याच्यासमोर पदर पुढं ओढून घेते. भाकरी पाठवायची ती कुणाच्या तरी हातानं. पन्नास वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

समुद्राचं तो कधी कधी सांगायचा. परतीच्या वाटेवर वैशाखातच वादळ लागलं. शिडाची काठी मोडली आणि पडताना दोघांना घेऊन गेली. गलबत हलकं करायला तिकडून भरून आणलेली लाकडं फेकली, मग नाखव्यानं बकऱ्या फेकायला सांगितल्या. बकऱ्या म्हाळूच्याच राखणीतल्या. त्यानं एकेक उचलून पाण्यात टाकली, आणि त्या गलबताच्या मागं पोहत राहिल्या, ओरडत राहिल्या. वादळानं वारा उलटा फिरला, पुढं अकरा दिवस तो नेईल तिकडं. पाणी माणशी एक करवंटी, तेही दिवसाला. बरोबरचा एक जण समुद्राचं पाणी प्यायला आणि वेडा होऊन उडी टाकून गेला. शेवटी आफ्रिकेच्या एका ओसाड किनाऱ्याला लागले, तेव्हा पावसाळा सुरू झाला होता. परतीचा वारा हुकला, नवी काठी मिळून गलबत दुरुस्त व्हायलाही महिने गेले. पुढच्या वैशाखापर्यंत वर्ष तिथंच काढलं. म्हाळू म्हणायचा, मला भीती न्हवती, घरी ठाऊक हाय म्हणून.

लोकांना यातलं निम्मं खोटं वाटे. पण प्रत्येक वेळी शेवटी तो त्या मुनशीवर यायचा. सांगितलेलं त्यानं लिहिलंच नाही, दोन ओळींचा आळस केला आणि माझा संसार बुडवला. हातात घावला तर त्याच्याच दौतीत बुडवीन. लोक हसायचे. मी खाली बघायचो.

नाथा सहा वर्षांपूर्वी वारला. यंदा माघात म्हाळूनं अंथरूण धरलं. नाथाचा मुलगा सोमेश्वर त्याला बीडला दाखवून आणत होता, पण आता काही उरलं नव्हतं. मी ट्रंकेतून पत्र काढलं आणि माळावर गेलो. दोनदा वाटेतून परत फिरलो होतो, तिसऱ्यांदा पोचलो.

घडीवर कागद फाटला होता. मी पाठीमागचा मजकूर वाचला आणि हे तेव्हाच माझ्याकडं होतं, असं सांगितलं. म्हाळू वर आढ्याकडं बघत होता. तो मला शिव्या देईल असं मला वाटलं, खरं तर द्याव्यात असं वाटत होतं.

"पन्नास वर्षं त्या मुनशीला शिव्या दिल्या बघा," तो म्हणाला. "मेला असंल बिचारा."

खोकला येऊन गेल्यावर म्हणाला, "रतनला वाचून दावा. तिच्यासाठी एक शब्द न ठेवता गेलो असं वाटत असंल तिला."

मी तसाच खाली सोमेश्वरच्या घरी गेलो. रतनबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मी वाचलं. त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली.

"कागदाच्या मागं लिवलेलं होतं, ते मला दिसत होतं," त्या म्हणाल्या. "तुमी उलटा केला, पर मोठ्यानं वाचलं न्हाई. म्हटलं, बाप्यांचं काई असंल. मास्तरला कसं इचारावं? इचाराया पायजे होतं."

मी म्हणालो, तुमची काय चूक, चूक माझी. सुपातल्या शेंगा तशाच ठेवून त्या उठल्या, पायात चपला घातल्या आणि माळाची वाट धरली. मी मागं गेलो. गुडघ्यांमुळं त्यांना चढाला वेळ लागत होता, तीनदा थांबल्या.

खोपटाच्या दाराशी त्यांनी पदर पुढं ओढला. आत गेल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर, आतल्या बाजूला पाठ करून बसल्या, तोंड माळाकडं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा, वाट बघितली असती."

म्हाळू दोन हातांच्या अंतरावर पडलेला होता, त्याला ऐकू आलंच असणार. तरी मी आत जाऊन सांगितलं. त्यानं मान हलवली आणि पाणी मागितलं. मी तांब्या शोधू लागलो, तोवर रतनबाई उठून खाली निघाल्या होत्या.