मेक्सिकन राईस आणि वास्त्याचं पाणी

डोमाभाऊंच्या स्वयंपाकघरात मेक्सिकन राईस शिरला तो चंद्रपूरच्या फ्लेक्सवाल्यामुळे.

आलापल्लीच्या पुढे सागाच्या जंगलात एक जुनं विश्रामगृह आहे. तिथल्या चुलीपाशी डोमाभाऊ सत्तावीस वर्षं उभे आहेत. या पावसाळ्यात तिथलं कॅन्टीन गावातल्या बायकांच्या बचत गटाकडे आलं आणि गटाच्या अध्यक्ष ललिताबाईंनी सगळ्यात आधी बोर्ड करून आणला. फ्लेक्सवाल्यानं कुठल्याशा हॉटेलचं तयार डिझाइन उचललं, नाव बदललं, गटानं सांगितलेले चार पदार्थ छापले आणि खालचा एक पुसायला विसरला. वरण-भात, भाकर, वांग्याची भाजी, कोंबडीचा रस्सा आणि मेक्सिकन राईस. फोटोही नेमका त्याचाच.

"खोडून टाका न बाई," डोमाभाऊ म्हणाले.

"खोडलं त काळं दिसंल. राहू द्या. एवढ्या दूर जंगलात येऊन मेक्सिकन राईस कोण मांगते?"

नागपूरहून येणाऱ्या पहिल्याच पाहुण्यांनी बोर्डाचा फोटो बघून फोनवरच मागितला. अकरा जणांनी.

ललिताबाई चुलीपाशी येऊन बसल्या. बाई स्वभावानं मऊ, पण गट चालवायचा म्हणजे आवाज थोडा जाड करावा लागतो. "डोमाभाऊ, रविवारचे पाहुणे नीट जेवले, त पुढं स्वयंपाक तुमच्याचकडे ठेवते. नाई त आष्टीचा एक जण आहे. त्याले सगळं येते म्हणे."

"जमते," डोमाभाऊ म्हणाले. त्यांचं हे नेहमीचंच. दोन वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हा लोकांनी विचारलं, एकट्याला जमेल का, तेव्हाही ते "जमते" म्हणाले होते आणि दुसऱ्या दिवशी कामावर आले होते. रडले नाहीत. लोकांना जरा वाईटच वाटलं. समजूत घालायची तयारी करून आलेले तसेच परत गेले.

खरी अडचण वेगळीच होती, आणि ती ललिताबाईंना ठाऊक नव्हती. डोमाभाऊंना चव लागत नाही. वासही येत नाही.

तापाच्या साथीत नवराबायको दोघंही पडले. मंगलीबाई गेल्या. डोमाभाऊ उठले, पण जीभ काही उठली नाही. सहा महिने त्यांना ते कळलंही नाही. त्यांना वाटलं, घरातलं माणूस गेलं की जेवण असंच लागत असेल. मग एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं. डोमाभाऊ आपला कप शांतपणे संपवून बसले होते, आणि चौकीदार हरिदासनं पहिलाच घोट अंगणात थुंकला. त्या दिवसापासून ही गोष्ट दोघांनाच माहीत होती. हरिदास चाखायचा आणि डोमाभाऊ त्याच्या तोंडाकडे बघायचे. एका पळीत हरिदासला कधीच नक्की कळत नसे. तीन लागत. तिसरीनंतर तो "बरोबर आहे" म्हणे. खरं तर चाखणाऱ्याची गरजही कमीच पडायची. सत्तावीस वर्षांच्या वरण-भाताचं मीठ हाताला पाठ असतं. नव्या पदार्थाला मात्र हाताचा काही उपयोग नाही.

शनिवारी पुण्याहून त्यांच्या मुलीचा, डिंपलचा, निरोप आला. मेक्सिकन राईसची कृती, मोबाइलवर बोलून पाठवलेली. डोमाभाऊ आणि हरिदास यांनी तो तीनदा ऐकला. बासमती, राजमा, मक्याचे दाणे, शिमला मिरची, टोमॅटोची प्युरी, व्हेज स्टॉक, ओरेगॅनो, जलापेनो, वरून चीज.

"मले त ह्यातला मक्काच कळला," हरिदास म्हणाला.

"मक्का वाडीत आहे. बासमतीच्या जागी आपला एचएमटी तांदूळ."

"राजमा?"

"बरबटी." म्हणजे चवळी. "दिसाले लहान, पण शिजते लवकर."

"अन ते जलापेनो का काय?"

"मिरचीच असंल. लवंगी टाकू, अर्धीच." डोमाभाऊ बोटं मोजत होते. "शिमलाच्या जागी भज्याच्या मिरच्या. टमाटर चुलीत भाजून कुस्करतो. स्टॉक म्हंजे भाज्यायचं उकळलेलं पाणी, डिंपल बोलली. ओरेगॅनो नसंल त ओव्याची पानं टाका म्हणे. हापशीजवळ आहे न झाड."

"चीज?"

"त्याच्या जागी काईच नाई."

"हे बरं जमलं," हरिदास म्हणाला. मग हळूच बोलला, "पण डोमा, उद्या मी नाई. सिरोंचाले साळ्याच्या पोरीचं नामकरण आहे. नाई गेलो त बायको घरात घेणार नाई."

डोमाभाऊंनी मोजायला उघडलेली बोटं मिटली. "जमते," म्हणाले.

जाता जाता हरिदासनं कामावरच्या माणसांच्या जेवणासाठी वास्ते आणून ठेवले. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पावसाळ्यात इकडे ही मेजवानी. पण त्यांचं पहिलं उकळलेलं पाणी कडूजहर असतं. ते फेकायचंच, हे इथल्या पोरासोरालाही माहीत. त्याचा वास तर असा की वास्ते कोणाच्या घरी शिजताहेत ते गल्लीच्या तोंडाशीच समजतं.

रविवारी सकाळी डोमाभाऊंनी एका चुलीवर वास्ते चढवले, दुसरीवर गाजर, कोबी आणि कांदे. दोन्हींचं पाणी गाळून दोन सारख्या गंजांत, म्हणजे उभ्या पातेल्यांत, काढलं. वास्त्याचं पाणी फेकायचं म्हणून दाराशी ठेवलं. इतक्यात पावसाची झड आत आली. दार लोटायला गंज आड येत होता म्हणून त्यांनी तो उचलून ओट्यावर ठेवला, दुसऱ्याच्या शेजारी, आणि डोक्यावर टॉवेल घेऊन ओव्याची पानं तोडायला गेले.

परत आले तर ओट्यावर दोन गंज, दोन्हींत पिवळसर पाणी.

डोमाभाऊंनी सवयीनं दोन्हींवर नाक धरलं. दोन्ही नुसती गरम होती. क्षणभर थांबून त्यांनी डावीकडचा उचलला.

भात सुरेख झाला. दाणा न् दाणा मोकळा, भाजलेल्या टमाटरानं लाल, मधे पिवळा मका, वर सांबार, म्हणजे पुण्यामुंबईची कोथिंबीर. डोमाभाऊंनी बाहेर जाऊन बोर्डावरचा फोटो बघितला, आत येऊन पातेलं बघितलं. फरक फक्त चीजचा होता.

साडेअकराला ललिताबाई आल्या. "वास्ते केले वाटते?"

"हाव. आपल्यासाठी."

त्यांनी पळीभर भात हातावर घेतला, तोंडात टाकला, आणि डोमाभाऊ रोज हरिदासच्या तोंडाकडे बघत तसे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. चेहरा आक्रसला. बाई मोरीकडे पळाल्या.

"भाऊ! चाखला नाई काऊन?"

"चाखला न."

"मंग?"

डोमाभाऊंनी पातेल्यातून मूठभर भात घेतला, तोंडात घातला, नीट चावला, गिळला. ललिताबाई बघतच राहिल्या. त्यांचा अध्यक्षांचा जाड आवाज गेला.

"भाऊ, कसा लागते तुम्हाले?"

"तुम्हीच सांगा बाई."

"कडू. लई कडू."

"असंल."

"कधीपासून?"

"मंगली गेली तवापासून. आधी वाटलं, तिच्यामुळंच असंल." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून खुंटीला लावला. आवाजात काही नव्हतं. बस चुकल्यावर माणूस दुसरीची वेळ विचारतो तसं त्यांनी विचारलं, "आष्टीवाल्याचा नंबर आहे न?"

"तो काय उडत येते? पाहुणे एक वाजता आहे इथी." ललिताबाईंनी पातेलं उचलून मागच्या खड्ड्यात पालथं केलं. परत येऊन उजवीकडच्या गंजावर वाकल्या, हुंगलं, बोट बुडवून चाटलं. "हे पाणी चांगलं आहे. तांदूळ आहे का उरलेला?"

"आहे. बरबटी थोडी कमी पडंल."

"पडू द्या. तो टॉवेल घ्या."

त्या चुलीशेजारी पाट ओढून बसल्या. डोमाभाऊंनी पुन्हा टमाटर भाजले. ते ढवळायचे, पळी पुढे करायचे, बाई चाखायच्या.

"मीठ?"

"अजून चिमूटभर."

"ओवा?"

"बस. जास्त झाला त पोट दुखल्यावरचा काढा लागंल."

हरिदासला जे ठरवायला तीन पळ्या लागत ते बाईंच्या एका बोटात ठरत होतं. आणि "बरोबर आहे" हा शब्द त्यांनी एकदाही काढला नाही; काय कमी, काय जास्त, तेवढंच सांगितलं.

पाहुणे दोनला आले. अकरांपैकी नऊ जणांनी भात पुन्हा मागून घेतला. उरलेल्या दोघांचं पोट रस्त्यातच बिघडलं होतं, त्यांचं धरायला नको.

तीनच्या सुमारास डोमाभाऊ मागच्या पायरीवर ताट घेऊन बसले. ललिताबाई दाराशी उभ्या राहिल्या.

"कसा झाला?"

"गरम आहे."

"अजून?"

ते बराच वेळ चावत राहिले. "मक्का दाताखाली येते."

पाऊस पडत होता. बाई दाराच्या चौकटीला टेकल्या.

"गटात काय सांगू?"

"खरं सांगा."

"तेच सांगणार. रांधतीन डोमाभाऊ. चाखाले आमच्यातली एक जण रोज पाटावर बसंल. हरिदासभाऊ नको, ते अर्धं पातेलं चाखते."

"अन आष्टीवाला?"

"त्याले सगळंच येते म्हणे. आपल्याकडे पाचच पदार्थ आहे." त्या आत वळल्या आणि पुन्हा थांबल्या. "अन वास्त्याचं पाणी मात्र उद्यापासून मीच फेकीन."

"हाव," डोमाभाऊ म्हणाले. त्यांनी ताटातलं शेवटचं शीत उचलून तोंडात टाकलं आणि ताट धुवायला हापशीकडे गेले.