आतड्यांचं वंगण

भोरात कुणी पुण्याहून पोटाचं ऑपरेशन करून आला, की आमच्या आळीतले तेलघाणीवाले दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन हजर. डॉक्टर काय म्हणाले ते विचारायचे आणि उत्तर यायच्या आत नकारार्थी मान हलवायचे.

"वरचे टाके डॉक्टर बघतोय. आत आतडी एकमेकांस्नी चिकटत्यात, ती कोण बघणार? गाडीच्या आसाला वंगण लागतं, मग आतड्याला नको व्हय?"

तिळाचं अस्सल तेल, सकाळी दोन चमचे पोटात आणि हातावर उरेल ते व्रणावर. माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा मी सहा महिने नाक दाबून ते प्यालो. पार डोंगरातल्या हिर्डोशी गावाहून माणसं त्या तेलासाठी चालत यायची.

पुढं खुद्द तेलघाणीवाल्यांचंच पोट कापावं लागलं. ते घरी आले त्या दिवशी मी मोठ्या कृतज्ञतेनं चमचा भरून त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"कुठल्या घाण्याचं?"

"तुमच्याच. अस्सल तिळाचं."

"मग ऱ्हाऊ द्या," ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले. "त्यात निम्मं स्वस्तातल्या खुरासणीचं असतंय. वरवे गावचा घाणीवाला काय मिसळत न्हाई. त्याच्याकडनं आणा."